दिल्लीला नातेवाइकांकडे जाताय? शहर आपले आपण फिरायला शिका

मुलाची बदली दिल्लीला झाली, जावयाला सरकारी क्वार्टर मिळाले, पुतणी स्पर्धा परीक्षेच्या तयारीसाठी तिथे गेली किंवा घरातल्या कुणाला उपचारांसाठी एम्समध्ये दाखवायचे आहे. महाराष्ट्रातून दिल्लीला जाणाऱ्या कुटुंबांची कारणे साधारण अशीच असतात. तिकिटे निघतात, चिवडा-लाडवांचे डबे भरले जातात आणि मग आईवडिलांच्या मनात एक प्रश्न घोळू लागतो, ‘एवढ्या मोठ्या शहरात आपण फिरणार कसे?’

पहिल्या रविवारी यजमान गाडी काढतात. लाल किल्ला, इंडिया गेट, कुतुबमिनार एका दमात उरकतात. सोमवारपासून ते कामावर आणि पाहुणे गॅलरीत. रोज टॅक्सी बोलवायची तर खर्च अंगावर येतो, रोज यजमानांना रजा घ्यायला सांगायचे तर संकोच वाटतो. ‘दिल्ली सुरक्षित नाही’, ‘रिक्षावाले फसवतात’ हे इतके ऐकलेले असते की पंधरा दिवसांच्या मुक्कामातले दहा दिवस चार भिंतींतच जातात.

खरे तर दिल्ली हे पाहुण्याने स्वतः फिरण्यासारखे शहर आहे. पहिल्याच दिवशी थोडी तयारी मात्र हवी. दक्षिण दिल्लीतले लक्ष्मीबाई नगर हे मुक्कामाचे ठिकाण धरून ती कशी करायची ते पाहू. तुमचा मुक्काम दुसऱ्या भागात असला, तरी हीच पद्धत उपयोगी पडेल.

आधी आपला पत्ता ओळखा

लक्ष्मीबाई नगर ही केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांची वसाहत. नाव झाशीच्या राणीचे, म्हणजे माहेरच्या तांब्यांच्या मनकर्णिकेचे. आजूबाजूच्या वसाहतींची नावेही अशीच आहेत, सरोजिनी नगर, नौरोजी नगर, नेताजी नगर, किदवई नगर. शेजारच्या आयएनए या नावाचा अर्थ इंडियन नॅशनल आर्मी, म्हणजेच नेताजींची आझाद हिंद सेना. त्या सेनेतल्या स्त्रियांच्या पलटणीचे नाव झाशीची राणी रेजिमेंट होते. नातवंडांना घेऊन निघाला असाल तर ही नावे म्हणजे इतिहासाची आयती उजळणी.

पाहुण्याच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट अशी की वसाहतीच्या एका बाजूला अरविंदो मार्ग, दिल्ली हाट आणि आयएनए मार्केट आहे, तर दुसऱ्या बाजूला सरोजिनी नगरचा प्रसिद्ध बाजार. दोन्हीकडे मेट्रो स्टेशन आहे. ‘दिल्ली हाट - आयएनए’ या स्टेशनवर पिवळी आणि गुलाबी अशा दोन मार्गिका मिळतात. पिवळी मार्गिका इथे सप्टेंबर २०१० मध्ये आली, गुलाबी ऑगस्ट २०१८ मध्ये. पिवळी मार्गिका तुम्हाला उत्तरेला जुन्या दिल्लीत आणि दक्षिणेला कुतुबमिनारमार्गे थेट गुरुग्रामपर्यंत नेते. गुलाबी मार्गिका शहराला वळसा घालते. एवढे लक्षात राहिले की निम्मी दिल्ली हाताशी आली.

पहिल्या दिवशी यजमानांकडून चार गोष्टी कागदावर लिहून घ्या. घराचा ब्लॉक आणि क्वार्टर क्रमांक, ओळखीची एखादी खूण, सर्वांत जवळचे मेट्रो स्टेशन आणि त्या स्टेशनचा गेट क्रमांक. शेवटची गोष्ट क्षुल्लक वाटते, पण दिल्लीतले रस्ते रुंद आहेत. चुकीच्या गेटने बाहेर पडलात तर आपले घर समोर दिसत असूनही भुयारी मार्ग किंवा पादचारी पूल शोधत भलतेच अंतर चालावे लागते. आणखी एक, या भागात जुन्या बैठ्या क्वार्टर्सच्या जागी उंच इमारती उभ्या राहत आहेत. दहा वर्षांपूर्वी येऊन गेला असाल तर तेव्हाच्या खुणांवर विसंबू नका.

सामानासह घरी पोहोचताना

महाराष्ट्रातून येणाऱ्या गाड्या प्रामुख्याने दोन स्टेशनांवर थांबतात, नवी दिल्ली आणि हजरत निजामुद्दीन. मुंबई राजधानी आणि पुण्याहून येणारी झेलम नवी दिल्लीला येतात. ऑगस्ट क्रांती राजधानी, गोवा एक्स्प्रेस आणि महाराष्ट्र संपर्क क्रांती निजामुद्दीनला. तिकीट काढतानाच हे पाहून ठेवा.

नवी दिल्ली स्टेशनवर उतरलात तर अजमेरी गेटच्या बाजूने बाहेर या. मेट्रो तिकडे आहे, पहाडगंजच्या बाजूला नाही. पिवळ्या मार्गिकेने आयएनए सातवे स्टेशन, कुठेही गाडी बदलायची नाही.

निजामुद्दीनला उतरलात तर सराय काले खाँच्या बाजूने बाहेर पडा. तिथल्या ‘सराय काले खाँ - निजामुद्दीन’ या गुलाबी मार्गिकेच्या स्टेशनवरून आश्रम, विनोबापुरी, लाजपत नगर, साउथ एक्स्टेंशन आणि मग आयएनए. ‘विनोबापुरी’ हे नाव वाचल्यावर मराठी माणसाला जरा घरच्यासारखे वाटतेच.

विमानाने टर्मिनल १ वर आलात तर तिथूनच मॅजेंटा मार्गिका मिळते. हौज खासला उतरून पिवळी मार्गिका धरायची, तिसरे स्टेशन आयएनए. टर्मिनल ३ वर आलात तर एअरपोर्ट एक्स्प्रेसने धौला कुआँला उतरा. तिथून पादचारी पुलाने गुलाबी मार्गिकेच्या ‘दुर्गाबाई देशमुख साउथ कॅम्पस’ स्टेशनवर जाता येते. पूल लांब आहे, पण त्यावर सरकते पट्टे आहेत. पुढे चौथे स्टेशन आयएनए. हे स्टेशन ज्यांच्या नावाचे आहे त्या दुर्गाबाई संविधान सभेच्या सदस्य आणि अर्थमंत्री चिंतामणराव देशमुखांच्या पत्नी.

मेट्रोत एका प्रवाशाला साधारण २५ किलोपर्यंतची एक बॅग नेता येते. लोणच्याच्या बरण्या, तांदळाची पिशवी आणि दोन सुटकेस असा संसार बरोबर असेल तर मेट्रोचा हट्ट धरू नका. अशा वेळी स्टेशनवरच्या प्रीपेड बूथवरून ऑटो किंवा टॅक्सी घ्या. पावतीचा जो भाग चालकाला द्यायचा असतो तो घराच्या दारात पोहोचल्यावरच द्या, आधी नाही.

मेट्रो हाच तुमचा मुख्य आधार

दिल्लीची मेट्रो डिसेंबर २००२ मध्ये शाहदरा ते तीस हजारी या छोट्याशा टप्प्यावर सुरू झाली. आज तिचे जाळे नोएडा, गाझियाबाद, फरिदाबाद, गुरुग्रामपर्यंत पसरले आहे. मुंबईकर दिल्लीत आल्यावर आधी ‘लोकल कुठे आहे?’ असे विचारतात. दिल्लीला रिंग रेल्वे आहे, सफदरजंग, सरोजिनी नगर अशी तिची स्टेशनेही या भागात आहेत, पण तिच्या फेऱ्या मोजक्याच. मुंबईत लोकल जे काम करते ते इथे मेट्रो करते.

भाडी ऑगस्ट २०२५ मध्ये वाढली. २ किलोमीटरपर्यंत ११ रुपये, ५ किलोमीटरपर्यंत २१, १२ किलोमीटरपर्यंत ३२, २१ किलोमीटरपर्यंत ४३ आणि सर्वांत लांबच्या प्रवासाला ६४ रुपये. रविवारी आणि राष्ट्रीय सुट्टीला यापेक्षा कमी पडतात. एअरपोर्ट मार्गिकेचे दर वेगळे आहेत. म्हणजे तिघांनी मिळून १२ किलोमीटर जायचे असेल तर ९६ रुपये. एवढ्याच अंतराला ऑटोच्या मीटरवर सुमारे १४५ रुपये होतात, शिवाय सिग्नलला थांबण्याचा वेळ आणि उन्हाचा ताप वेगळा.

मुक्काम चार दिवसांपेक्षा जास्त असेल तर पहिल्याच दिवशी स्मार्ट कार्ड घ्या. प्रत्येक फेरीला १० टक्के सवलत मिळते. सकाळी ८ च्या आधी, दुपारी १२ ते ५ आणि रात्री ९ नंतर प्रवेश केलात तर आणखी १० टक्के. तुमच्याकडे मुंबई किंवा पुणे मेट्रोसाठी घेतलेले नॅशनल कॉमन मोबिलिटी कार्ड असेल तर तेही इथे चालते, त्यात शिल्लक तेवढी भरून ठेवा. एका कार्डावर एका वेळी एकच माणूस जाऊ शकतो. त्यामुळे नवराबायकोचे कार्ड वेगवेगळे हवे. १ आणि ३ दिवसांचे टुरिस्ट कार्डही मिळते, पण दिवसाला पाच-सहा फेऱ्या होणार असतील तरच ते परवडते. ९० सेंटिमीटरपेक्षा कमी उंचीच्या मुलांना तिकीट लागत नाही.

आत शिरताना काही गोष्टी लक्षात ठेवा.

० प्रत्येक स्टेशनवर सुरक्षा तपासणी होते. स्त्रिया आणि पुरुषांची रांग वेगळी असते. घरून निघताना चाकू, कात्री पर्समध्ये राहिलेली नाही ना, हे पाहा.

० गाडीच्या दिशेने पहिला डबा स्त्रियांसाठी राखीव असतो. प्लॅटफॉर्मवर त्या जागी गुलाबी खूण असते. जोडप्याने जात असाल तर दोघांनी साध्या डब्यात बसा. पत्नीच्या मागोमाग राखीव डब्यात शिरलेल्या काकांना दंड भरावा लागतो.

० मार्गिकेचा रंग आणि गाडीचे शेवटचे स्टेशन, दोन्ही पाहा. पिवळ्या मार्गिकेवर समयपूर बादली म्हणजे उत्तर आणि मिलेनियम सिटी सेंटर गुरुग्राम म्हणजे दक्षिण. निळ्या मार्गिकेला यमुना बँकनंतर दोन फाटे फुटतात, एक नोएडाकडे जातो, दुसरा वैशालीकडे. तिथे पाटी वाचल्याशिवाय चढू नका.

० पुढचे स्टेशन कोणते आणि दरवाजे डावीकडे उघडणार की उजवीकडे, याची घोषणा हिंदी आणि इंग्रजीत होते. ऐकू कमी येत असेल तर दरवाजावरच्या नकाशाकडे लक्ष ठेवा.

० डब्यात खाणे-पिणे आणि जमिनीवर बसणे मना आहे. दशम्यांचा डबा बागेत उघडा.

० सकाळी ८ ते साडेदहा आणि संध्याकाळी ५ ते ८ या वेळात राजीव चौक, काश्मिरी गेट ही स्टेशने टाळा. दादरच्या पुलाची सवय असली तरी कशाला उगाच?

बसची भीती काढून टाका

मेट्रो जिथे पोहोचत नाही तिथे बस पोहोचते. डीटीसीच्या वातानुकूलित बसचे भाडे अंतरानुसार १० ते २५ रुपये आहे. अलीकडे विजेवर चालणाऱ्या बस मोठ्या संख्येने आल्या आहेत. मे २०२५ पासून ‘देवी’ नावाच्या लहान बसही धावू लागल्या. त्या वसाहतींच्या आतल्या रस्त्यांवरून मेट्रो स्टेशनांपर्यंत जातात.

महाराष्ट्रातल्या प्रवाशाला इथली एक रीत माहीत नसते. आपल्याकडे कंडक्टर टिकटिक वाजवत आपल्यापर्यंत येतो. दिल्लीत तो बहुधा आपल्या जागेवर बसून असतो आणि तिकीट काढायला प्रवाशाने त्याच्याकडे जायचे असते. ‘येईल की’ म्हणून सीटवर बसून राहिलात आणि तपासनीस चढला, तर विनातिकीट ठराल. सुटे पैसे जवळ ठेवा.

२९ ऑक्टोबर २०१९ पासून दिल्लीच्या बसमध्ये स्त्रियांना गुलाबी तिकिटावर मोफत प्रवास सुरू झाला. पुढे ही सवलत दिल्लीच्या रहिवासी स्त्रियांपुरती ठेवायचे सरकारने ठरवले. त्यामुळे पाहुण्या आलेल्या स्त्रीने सरळ तिकीट काढावे, हे उत्तम.

‘मुद्रिका’ ही दिल्लीची खास बस. मुद्रिका म्हणजे अंगठी. ही बस रिंग रोडवरून शहराला गोल फेरी मारते. लक्ष्मीबाई नगरपासून रिंग रोड जवळच आहे. रविवारी सकाळी रस्ते मोकळे असताना खिडकीजवळची जागा पकडून मुद्रिकेने फिरा. टॅक्सीवाला दाखवणार नाही अशी दिल्ली थोड्या पैशांत दिसेल.

ऑटो वेगळा, रिक्शा वेगळी

दिल्लीत ‘रिक्शा’ म्हटले की लोक सायकल रिक्शा समजतात. आपण जिला रिक्षा म्हणतो तिला इथे ‘ऑटो’ म्हणतात. बॅटरीवर चालणारी, चार-पाच जणांना समोरासमोर बसवणारी ती ‘ई-रिक्शा’. मेट्रो स्टेशनपासून घरापर्यंतच्या शेवटच्या टप्प्यासाठी ही सर्वांत सोयीची. शेअर पद्धतीने बसलात तर माणशी १० ते २० रुपये होतात. एकट्यासाठी हवी असेल तर बसण्याआधी तसे सांगून भाडे ठरवा, नाहीतर वाटेत आणखी सवाऱ्या चढतील.

ऑटोचा दर जानेवारी २०२३ मध्ये ठरला तो असा, पहिल्या दीड किलोमीटरला ३० रुपये आणि पुढे प्रत्येक किलोमीटरला ११ रुपये. रात्री ११ ते पहाटे ५ या वेळात पाव पट जास्त. म्हणजे ५ किलोमीटरला दिवसा सुमारे ६९ रुपये आणि ८ किलोमीटरला सुमारे १०२ रुपये. मुंबईत मीटर टाकणे गृहीत धरले जाते, दिल्लीत बरेच चालक आकडा बोलतात. म्हणून निघण्यापूर्वी फोनच्या नकाशावर अंतर पाहा आणि वरचा हिशेब मनात करा. मीटरच्या वर १०-२० रुपये मागितले तर भांडत बसण्यापेक्षा देऊन मोकळे होणे बरे. दुप्पट मागितले तर शांतपणे पुढच्या ऑटोकडे वळा. एम्स, दिल्ली हाट, सरोजिनी नगर अशा गर्दीच्या ठिकाणांच्या दारात भाव जास्त असतो. शंभर पावले पुढे जाऊन विचारले की बहुतेक वेळा उतरतो.

ॲपवरून ऑटो किंवा टॅक्सी मागवणार असाल तर बसण्याआधी गाडीचा क्रमांक ताडून पाहा आणि प्रवासाची माहिती घरच्यांना पाठवा.

थोडी दिल्लीची हिंदी

मराठी माणसाची हिंदी दिल्लीत समजते, पण दोन ठिकाणी गडबड होते. आपल्या ‘तुम्ही’मध्ये मान आहे, म्हणून आपण सहज ‘तुम’ म्हणून जातो. दिल्लीत अनोळखी माणसाला ‘तुम’ म्हटलेले उद्धट वाटते. चालक असो, कंडक्टर असो की भाजीवाला, ‘आप’ म्हणा. दुसरे म्हणजे ‘भैया’. मुंबईत या शब्दाला वेगळा वास चिकटला आहे, पण दिल्लीत तो ‘दादा’सारखा साधा, आपुलकीचा शब्द आहे. ‘भैया, आयएनए चलेंगे?’ असे विचारले की निम्मे काम झाले.

रस्ता विचारताना ‘सिग्नल’ऐवजी ‘लाल बत्ती’, ‘सर्कल’ऐवजी ‘गोल चक्कर’ आणि सुट्या पैशांना ‘खुल्ले’ हे शब्द ऐकू येतील. आपला ‘नाका’ मात्र इथे कुणाला कळणार नाही.

तीन दिवस, तीन दिशा

सगळे एका दिवसात बघायचा अट्टहास सोडा. एका दिवशी एकच दिशा धरा.

पहिला दिवस, उत्तर. पिवळ्या मार्गिकेने नववे स्टेशन चांदणी चौक. दिवसा तिथल्या मुख्य रस्त्यावर मोटारींना बंदी असते, म्हणून पायी चाला किंवा सायकल रिक्शा करा. शीशगंज गुरुद्वारा, पराठ्यांची गल्ली, जामा मशीद आणि लाल किल्ला असा दिवस सहज जातो. लाल किल्ल्यात दिवाण-ए-खासच्या छताकडे जरूर बघा. तिथले चांदीचे छत १७६० मध्ये, पानिपतच्या काही महिने आधी, सदाशिवरावभाऊंनी सैन्याच्या खर्चासाठी उतरवून वितळवले होते. १९४५-४६ मध्ये आझाद हिंद सेनेच्या अधिकाऱ्यांवरचे खटले याच किल्ल्यात चालले. आपण ज्या आयएनए स्टेशनवरून निघालो, त्याच नावाची ही गोष्ट.

दुसरा दिवस, मधली दिल्ली. पहिले स्टेशन जोरबाग. तिथे सफदरजंगचा मकबरा आणि थोडे चालल्यावर लोदी गार्डन. सकाळी फिरायला याहून चांगली जागा नाही. पुढे लोककल्याण मार्गला उतरून ऑटोने गांधी स्मृती, जिथे ३० जानेवारी १९४८ रोजी गांधीजींची हत्या झाली. मग सेंट्रल सेक्रेटरिएटला उतरून कर्तव्य पथावरून इंडिया गेट आणि राष्ट्रीय युद्ध स्मारक. संध्याकाळी राजीव चौकला कनॉट प्लेस. वेळ उरला तर तालकटोऱ्याकडे एक ऑटो करा. १७३७ मध्ये पहिल्या बाजीरावांनी दिल्लीवर चाल केली, तेव्हा मोगल फौजेशी त्यांची चकमक याच परिसरात झाली होती. फेब्रुवारी २०२५ मध्ये ९८ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन डॉ. तारा भवाळकर यांच्या अध्यक्षतेखाली तालकटोरा स्टेडियममध्येच भरले.

तिसरा दिवस, दक्षिण आणि पूर्व. पिवळ्या मार्गिकेने सहावे स्टेशन कुतुबमिनार. स्टेशनला नाव मिनाराचे असले तरी मिनार तिथून बराच लांब आहे, बाहेरून बस किंवा ऑटो घ्या. दुपारी लोटस टेंपलला जायचे असेल तर हौज खासहून मॅजेंटा मार्गिकेने कालकाजी मंदिर. अक्षरधामसाठी मात्र वेगळी संध्याकाळ ठेवा. आयएनएहून गुलाबी मार्गिकेने मयूर विहार फेज १ आणि तिथून निळ्या मार्गिकेने एकच स्टेशन. या वाटेने राजीव चौकातली गर्दी पूर्ण टळते.

खरेदीसाठी फार लांब जायला नको. सरोजिनी नगर शेजारीच आणि १९९४ पासून सुरू असलेले दिल्ली हाट दारात. हाटमध्ये देशभरचे कारागीर आणि राज्याराज्यांचे खाद्यपदार्थ एकाच आवारात मिळतात. वारांचे मात्र भान ठेवा. लाल किल्ला, राष्ट्रीय संग्रहालय, अक्षरधाम आणि सरोजिनी नगरचा बाजार सोमवारी बंद असतात, चांदणी चौकातली बरीच दुकाने रविवारी.

एम्ससाठी आला असाल तर

दिल्लीला येणारे सगळेच काही पर्यटक नसतात. विदर्भातून, मराठवाड्यातून कितीतरी कुटुंबे एम्स आणि समोरच्या सफदरजंग रुग्णालयात उपचारांसाठी येतात आणि या परिसरात नातेवाइकांकडे किंवा भाड्याच्या खोलीत राहतात. त्यांच्यासाठी रोजचा प्रवास हा पैशांचा आणि ताकदीचा प्रश्न असतो.

आयएनएहून एम्स एकच स्टेशन आहे, सर्वांत कमी भाड्यात पोहोचाल. रुग्णाला आणण्याआधी एकदा घरातल्या धडधाकट माणसाने एकट्याने जाऊन यावे. कोणत्या गेटने बाहेर पडायचे, लिफ्ट कुठे आहे, आपला विभाग कोणत्या इमारतीत आहे, हे पाहून ठेवावे. मेट्रो स्टेशनांवर लिफ्ट असते आणि मदत मागितली की कर्मचारी व्हीलचेअरही देतात. जाताना सकाळी लवकर निघालात तर गर्दीही टळते. परतताना रुग्ण दमलेला असतो, तेव्हा मेट्रोच्या पायऱ्यांपेक्षा ऑटो करावा. तिथे ३०-४० रुपये वाचवू नका. कागदपत्रांची फाइल एका खांद्यावरच्या पिशवीत आणि त्या सगळ्या कागदांचे फोटो फोनमध्ये असू द्या.

रुग्णासोबतच्या माणसालाही मोकळ्या हवेची गरज असते. भेटीच्या वेळा सोडून एखादी संध्याकाळ तासभर लोदी गार्डनमध्ये घालवली म्हणून कुणी अपराधी वाटून घेऊ नये. एम्सपासून ते दोन स्टेशने आहे.

एकट्या स्त्रीने फिरायचे तर

१६ डिसेंबर २०१२ ची घटना कुणी विसरलेले नाही. ती तरुणी आणि तिचा मित्र मुनिरका थांब्यावर ज्या बसमध्ये चढले ती खासगी बस होती. बेकायदा प्रवासी घेऊन फिरत होती. त्या घटनेतून ‘बाईने बाहेरच पडू नये’ असा धडा घेणे म्हणजे शिक्षा भलत्यालाच देणे. घ्यायचा तर हा धडा घ्या, क्रमांक आणि मार्गाची पाटी नसलेल्या खासगी वाहनात, ‘त्याच दिशेला जातोय’ म्हणून बोलावणाऱ्या गाडीत बसू नका.

दिवसा मेट्रो आणि डीटीसीच्या बसने एकट्या स्त्रिया मोठ्या संख्येने फिरतात. तुम्हीही फिरा. रात्री मात्र स्टेशनपासून घरापर्यंतच्या शेवटच्या टप्प्याची सोय आधीच करून ठेवा. यजमानांना कोणत्या गेटवर यायचे ते सांगा किंवा ॲपवरून गाडी मागवा. मेट्रोची शेवटची गाडी साधारण रात्री ११ च्या सुमारास असते, पण ती गाठायची वेळ आणू नका. फोन चार्ज ठेवा. आपत्कालीन मदतीसाठी ११२ आणि मेट्रोच्या मदतीसाठी १५५३७० हे क्रमांक फोनमध्ये जतन करा, कागदावरही लिहून ठेवा.

ऋतू पाहून निघा

दिल्लीचे हवामान मुंबई-पुण्यासारखे सौम्य नाही. मे-जूनमध्ये दुपारी १२ ते ४ घराबाहेर पडूच नका, सकाळ आणि संध्याकाळ वापरा. नोव्हेंबर ते जानेवारी धूर आणि धुके असते. दम्याचा त्रास असणाऱ्यांनी मास्क आणि औषध बरोबर ठेवावे. त्याच काळात रेल्वे आणि विमाने उशिरा धावतात, म्हणून परतीच्या दिवशी हाताशी भरपूर वेळ ठेवा. फेब्रुवारी-मार्च आणि ऑक्टोबर हे फिरण्याचे खरे महिने. २६ जानेवारी आणि १५ ऑगस्टच्या आसपास सुरक्षेमुळे मधल्या दिल्लीतले रस्ते आणि काही स्टेशने बंद असतात, त्या दिवसांचा बेत आधी तपासून घ्या.

यजमानांसाठी दोन शब्द

आईवडील किंवा सासूसासरे येणार असतील तर त्यांच्यासाठी रोज गाडी ठेवण्यापेक्षा पहिल्या दिवशी त्यांच्याबरोबर मेट्रोने एक फेरी मारा. आयएनए ते जोरबाग आणि परत, एवढीच पुरे. दोन स्मार्ट कार्डे भरून हातात द्या. येताना तुम्ही मागे राहा, त्यांना पुढे होऊन दिशा ठरवू द्या. चुकले तर लगेच सावरू नका. पुढच्या स्टेशनला उतरून समोरची गाडी धरली की झाले, ही गोष्ट सांगून कळत नाही, करूनच कळते.

दुसऱ्या दिवशी ते दोघे आपले आपण जाऊन आले आणि संध्याकाळी चहा पिताना तुम्हालाच सांगू लागले की सरोजिनी नगरला मेट्रोपेक्षा चालत जाणे सोपे पडते, तर समजा की त्यांचा पाहुणचार नीट झाला.